पॉटरी स्टुडिओतले शिक्षक: कोण कुठून शिकून आलं? (नाशिक)

गोदाकाठ

मंडळी, एका लिखाणात मदत हवी आहे.

कॉलेज रोडच्या मागच्या बाजूला आम्ही काही जण मिळून एक पॉटरी स्टुडिओ चालवतो. कुणा एकाचा क्लास नाही. एका बंगल्याचं गॅरेज आणि मागची पडवी भाड्याने घेतली, चाकं आणि विजेची भट्टी वर्गणीतून आली. सभासद आपापल्या सवडीने येऊन काम करतात आणि शिकवायला चार जण येतात. नव्या बॅचच्या आधी दारात या चौघांची ओळख देणारा फलक लावायचाय. कमिटीने केलेला कच्चा मसुदा 'तू जरा मराठी बघ' म्हणून माझ्याकडे आला.

मराठी ठीक होतं. पण ताईंबद्दल सहा ओळी, पाँडिचेरीवाल्या दादाबद्दल पाच, सरांबद्दल चार आणि काकांबद्दल दोनच शब्द: 'पारंपरिक कारागीर'. हे वाचून डोकं फिरलं. आता नव्याने लिहायचंय, म्हणून चौघांची पार्श्वभूमी इथे मांडते. जाणकारांनी भर घालावी.

ताई मुंबईच्या जे. जे.च्या, सिरॅमिक्स विभागातल्या. आधी चित्रकला, मग माती. त्यांच्या शिकवण्यात कागद फार. कप करायचा तर आधी कपाचा छेद काढा, कान कुठे बसणार ते ठरवा, मग मातीला हात लावा. त्यांच्या कपाटात खिळ्यांना अडकवलेल्या ग्लेझच्या (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाच्या) चाचणी-पट्ट्यांच्या माळा आहेत. प्रत्येक पट्टीच्या मागे आयर्न ऑक्साइडने लिहिलेला नंबर, कारण पेन्सिल भट्टीत जळून जाते. तो नंबर वहीत शोधला की फेल्स्पार किती, क्वार्ट्झ किती, चुनखडी किती, सगळं सापडतं.

दादा गोल्डन ब्रिजच्या परंपरेतला. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली पाँडिचेरीत सुरू केलेली ही पॉटरी. आज भारतात स्टोनवेअर (बाराशे अंशांच्या आसपास भाजलेली, दगडासारखी घट्ट भांडी) करणारे निम्मेअधिक लोक थेट तिथून किंवा तिथल्या कुणाच्या तरी हाताखालून आलेत असं वाटावं, इतकी तिची पाळंमुळं पसरली आहेत. दादा दुसऱ्या प्रकारचा: तिथे शिकलेल्या एकांकडे उमेदवारी केलेला. त्याची पद्धत म्हणजे एकच वाटी करत राहा. झाली की मधोमध कापा, भिंतीची जाडी बघा, गोळा करून पुन्हा मळा. नवखे लोक रडकुंडीला येतात.

सर गुजरातेत थानगढला सॅनिटरीवेअरच्या कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले. चाकावर बसत नाहीत, बसलेले मी पाहिलेही नाहीत. पण प्लास्टरचे साचे, स्लिप कास्टिंग (पातळ माती साच्यात ओतून घडवणं) आणि भट्टी हा त्यांचा प्रांत.

आणि काका जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यातले. वडील, आजोबा, त्यांच्या मागचे सगळे हेच करणारे. मोठा गोळा चाकावर ठेवतात, त्याच्या नुसत्या टोकावर पणती उठवतात, दोऱ्याने कापून फळीवर ठेवतात आणि नजर वर करून आपल्याशी बोलत असतानाच पुढची तयार होते.

तर प्रश्न असा: काकांची 'पार्श्वभूमी' कशी लिहायची? आणि शिकायला येणाऱ्याने शिक्षक निवडताना नेमकं काय विचारावं?

---

भेळभत्ता

फी किती आहे?

---

जुनेनाशिक

आमचं घर कुंभाराचं, मी स्वतः नोकरीत. थोडं सविस्तर लिहितो.

काकांची पार्श्वभूमी लिहायची तर त्यांना काय येतं ते लिहा. पहिली गोष्ट म्हणजे माती ओळखणं. आपल्याकडची काळी माती एकटी वापरली तर वाळताना तडकते. तिच्यात नदी-तळ्याचा गाळ, राख, घोड्या-गाढवाची लीद हे किती घालायचं ते हाताला कळावं लागतं, आणि दर पावसाळ्यानंतर गाळ बदलतो म्हणून प्रमाणही बदलतं. तुमच्या स्टुडिओत पिशवीतून तयार माती येते, त्यामुळे काकांचं अर्धं शिक्षण तिथे कामालाच येत नाही.

दुसरं म्हणजे ठोकणं. मोठा माठ काही सगळा चाकावर होत नाही. चाकावर जाड भिंतीचा उठवतात, थोडा सुकला की आतून दगडी गोटा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत फुगवतात. भिंत पातळ होते, माती घट्ट बसते. आमच्याकडे हे काम आजीचं आणि आईचं. माती चाळायची, तुडवायची, ठोकायचं, काव लावायची, आव्यात (कुंभाराच्या पारंपरिक भट्टीत) रचायला हात द्यायचा, बाजारात बसून विकायचं, सगळं बायकांनी. फक्त चाकावर बसायचं नाही, हा रिवाज. आईने शेकडो माठ 'केले', पण मडकी घडवणारा म्हणून नाव बाबांचं. आज शहरातल्या पॉटरी क्लासमध्ये चाकांवर बहुतेक बायकाच दिसतात. आईला एकदा असा क्लास दाखवला तर ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "यांची माती कोण मळून देतं?"

तिसरं म्हणजे वर्षाचं गणित. संक्रांतीची सुगडी, आखाजीची घागर, पोळ्याचे बैल, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या. कुठल्या महिन्यात काय किती करायचं आणि पावसाळ्यात माल कुठे वाळवायचा, हे कुठल्या अभ्यासक्रमात शिकवतात?

हे सगळं 'पारंपरिक कारागीर' या दोन शब्दांत कोंबलंय तुमच्या कमिटीने. आणि एक विचारतोच: चौघांना तासाचं मानधन सारखं आहे का?

---

पाटावरवंटा

शेवटचा प्रश्न आवडला. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

---

सिन्नरी

मी सिरॅमिक इंजिनिअर, सिन्नरच्या एमआयडीसीत. माझं मत थोडं रुक्ष वाटेल.

शिकायला जाणाऱ्याने एकच गोष्ट विचारावी: भट्टी कोण लावतं आणि ग्लेझ कोण कालवतं? ज्याने हे दोन्ही हाताने केलंय, त्याची पदवी कुठलीही असो. ज्याने केलं नाही त्याच्याकडून चाक शिका, पण त्या भांड्यात चहा पिण्याआधी ते ग्लेझ कुणी आणि कशाचं केलं ते विचारा.

कारणं सांगतो. कमी तापमानाला चकाकी यावी म्हणून पूर्वी ग्लेझमध्ये शिसं सर्रास वापरत. असं ग्लेझ नीट जमलं नाही तर लोणचं, चिंचेचा कोळ, दही अशा आंबट पदार्थांत शिसं उतरतं. आता शिसं नसलेल्या फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) मिळतात, त्याच वापराव्यात. हिरव्या रंगासाठी तांब्याचं कार्बोनेट हात सैल सोडून घातलं आणि ग्लेझ मॅट निघालं, तर तांबंही उतरतं. बेरियम कार्बोनेट तर पोटात गेलं की विषच. हे घटक काही सरसकट बंदीचे नाहीत, पण कोणतं शोभेच्या वस्तूला आणि कोणतं जेवणाच्या ताटाला, हे शिक्षकाला पाठ पाहिजे.

भट्टीचं सांगायचं तर ५७३ अंशांना क्वार्ट्झ आपलं रूप बदलतं आणि आकारमान एकदम वाढतं, थंड होताना तितकंच घटतं. तिथे घाई केली की भांडं तडकतं. सुरुवातीला शंभरच्या आसपास रेंगाळायचं, नाहीतर आतलं पाणी वाफ होऊन तुकडे उडतात. स्टोनवेअर असेल तर उतरताना २२५च्या सुमाराला क्रिस्टोबलाइटचाही (सिलिकाचंच एक रूप) असाच धक्का असतो, म्हणून उत्साहाने झाकण उघडणाऱ्याला लांब उभं करावं. तुमच्या सरांना हे झोपेतसुद्धा विचारा. कारखान्यात एक पाळी बिघडली की अख्ख्या गाडीचा माल भंगारात जातो, त्यामुळे तिथे शिकलेला माणूस तापमानाचा तक्ता कधीही 'अंदाजे' लिहीत नाही.

अजून एक: संध्याकाळी स्टुडिओ झाडूने झाडतात की ओल्या फडक्याने पुसतात ते बघा. सुक्या मातीच्या धुळीत सिलिका असते. वर्षानुवर्षं ती फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर इलाज नाही. झाडू दिसला तर शिक्षक जे. जे.चा असो की जपानचा, घरी या.

---

फिरतेचाक

सिन्नरी यांना +१, झाडूच्या मुद्द्याला तर +१००.

एक विद्यार्थी म्हणून भर घालते. मी आधी एका कुंभारकाकांकडे शिकले, मग एका स्टुडिओत गेले. काकांचं चाक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरायचं. स्टुडिओत सगळं उलट, युरोप-अमेरिकेत शिकवतात तसं. डावा हात आत की उजवा, कोपर कुठे टेकवायचं, भिंत ओढताना बोटं कुठल्या बाजूला, सगळंच आरशातलं झालं. मी गोंधळले तर तिथली शिक्षिका म्हणाली, तुमची सवय चुकीची लागलीय. चुकीची कशी? जपानातही चाक घड्याळाच्याच दिशेने फिरतं! विजेच्या चाकाला दिशा बदलायचं बटण असतं, ते दाबलं की काम संपलं. पण त्यासाठी शिकवणाऱ्याला ठाऊक हवं की आपली पद्धत ही अनेकांतली एक आहे. मी तर म्हणेन फलकावर दिशाही लिहा.

---

वीकएंड_कुंभार

थोडं भीतभीतच लिहितेय, कारण इथे ज्यांच्याबद्दल कुजबुज होते त्यांतली मी. आयटीत होते, शनिवार-रविवारच्या कार्यशाळा करत करत चाक आवडलं, नोकरी सोडली, आता इंदिरानगरला घरीच नवख्यांना शिकवते. ना जे. जे., ना पाँडिचेरी, ना कुंभारवाडा.

माझं म्हणणं इतकंच की सेंटरिंग (गोळा चाकाच्या बरोबर मधोमध आणणं) न जमण्याचा त्रास माझ्या हातात अजून ताजा आहे. ज्यांना ते लहानपणापासून येतं, त्यांना 'जमत नाही' म्हणजे काय हेच कळत नाही. मी ज्या काकांकडे थोडे दिवस जायचे ते म्हणायचे, "असं धरायचं," आणि धरून दाखवायचे. पण कुठे दाबलं ते सांगता यायचं नाही. मी सांगू शकते: तळहाताची टाच, कोपर मांडीला टेकलेलं, श्वास सोडताना दाब. भट्टी मी लावत नाही, दुसरीकडून भाजून घेते, आणि येणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी सांगते.

---

द्राक्षबाग

बाकी सगळं ठीक, पण चार कार्यशाळा करून 'सिरॅमिक आर्टिस्ट' अशी पाटी लावणाऱ्यांचं पीक आलंय हेही खरं. लेकीला उन्हाळी शिबिरात घातलं होतं. शिकवणाऱ्याने गावची तांबडी माती आणली, मुलांनी सुंदर बैल केले आणि त्याने ते थेट बाराशेच्या वर जाणाऱ्या भट्टीत ठेवले, दुसऱ्या कुणाच्या कपांसोबत. बैल वितळून फळीला चिकटले, कपांना डाग. मुलांना सांगितलं, 'माती खराब होती'.

---

सिन्नरी

@द्राक्षबाग, माती उत्तमच असणार! आपली माती बेसॉल्टची, लोह भरपूर. हजारच्या आतबाहेर झकास लाल भाजते. अकराशेच्या पुढे फुगायला लागते आणि बाराशेला तिचा पाक होतो. तिला स्टोनवेअरच्या तापमानाला चढवायचंच असेल, तर पातळ कालवून ग्लेझ म्हणून लावा, छान तपकिरी चकाकी येते. कुंभाराच्या आव्यात हा प्रश्नच येत नाही, कारण तो तितका तापतच नाही.

@वीकएंड_कुंभार, तुमच्यासारखं स्पष्ट सांगणाऱ्यांबद्दल तक्रार नाही.

---

मेरीकर

अवांतर: नाशकात मातीच्या भांड्यांची पार्श्वभूमी काढायची तर जुन्या गढीपर्यंत मागे जा. १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि देव यांनी इथे आणि संगमनेर तालुक्यातल्या जोर्वेला उत्खनन केलं. जोर्वेच्या नावाने आता अख्खी ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ओळखली जाते: चाकावर केलेली, लाल पृष्ठावर काळी नक्षी असलेली, तोटीची भांडी, पक्की भाजलेली. तीन हजार वर्षं उलटून गेली तरी खापरं वाजवली की खणखणीत आवाज येतो. पुढे इनामगावच्या उत्खननात तर कुंभाराची भट्टीच सापडली. त्यांच्या गुरूची पदवी काय होती म्हणे?

---

पाटावरवंटा

आणि शिक्षक कच्चा की पक्का हे ठरवायला तेरहून गोरोबाकाकांना बोलवा. थापटणं घेऊन येतील, एकेकाच्या डोक्यावर मारून बघतील. कमिटीलाही रांगेत बसवा.

---

आडगावकर

पदव्यांना उगाच झोडपणं चाललंय. जे. जे., बडोद्याचं फाइन आर्ट्स, अहमदाबादचं एनआयडी, शांतिनिकेतन, इथून शिकून आलेल्यांनीच माती 'गॅलरी'त नेली. २०१८ साली जयपूरला जवाहर कला केंद्रात पहिलं सिरॅमिक्स त्रैवार्षिक प्रदर्शन भरलं, ते बघून माझ्यासारख्या माणसाला कळलं की मातीचं काम कपबशीच्या पलीकडे किती जातं. कुंभाराच्या मुलालाही ती दारं उघडायला हवीत, उलटं कशाला?

शिवाय दोन टोकांच्या मधलेही रस्ते आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीचा ग्रामोदय संघ आहे, तिथे गावातले कारागीर आणि शहरातले कलावंत एकाच आवारात काम करतात. बेळगावजवळ खानापूरला खादी आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे. सरदार गुरचरण सिंगांनी तर जपानात शिकून येऊन दिल्लीत ब्लू पॉटरी उभी केली, आणि त्यांच्या मुलाने हिमाचलात अंद्रेट्याला. शिक्षकाची वंशावळ अशी सरमिसळीचीच असते.

---

जुनेनाशिक

@आडगावकर, दारं उघडायला हवीत हे एकदम मान्य. पण दार उघडण्याआधी दाखला मागतात ना. माझ्या चुलतभावाला एका शाळेने मातीकाम शिकवायला बोलावलं आणि मग विचारलं, एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) आहे का? नाही म्हटल्यावर 'सहायक' म्हणून घेतलं. शिकवायचा तोच, हजेरीवर सही दुसऱ्याची.

आता विश्वकर्मा योजनेत (१७ सप्टेंबर २०२३ला सुरू झाली) कुंभाराला प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. भावाने ते प्रमाणपत्र काढलं. पन्नाशीत! ज्या कामात त्याचे केस पिकले, त्याचं प्रशिक्षण घेऊन आला. हसत होता, पण फ्रेम करून लावलंय.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार, धागा वाचनखुणांत टाकलाय.

मानधनाचं उत्तर: सारखं नाही. काकांना कमी आहे. कारण विचारलं तर 'ते थिअरी घेत नाहीत' असं कळलं. पुढच्या बैठकीत हा विषय मी लेखी दिलाय, दादाने आणि सरांनी खाली सही केलीय. ताईंचं म्हणणं जरा वेगळं आहे, आणि मला ते अगदीच टाकाऊ वाटत नाही. त्या म्हणतात, मी ग्लेझच्या चाचण्या घरी माझ्या वेळेत करते, तो वेळ कोण मोजतं? तासावर हिशेब ठेवलात तर काकांच्या घरच्या माती मळण्याचाही ठेवा. म्हणजे भांडण काका आणि ताईंचं नाहीच, ते कमिटीच्या तक्त्याशी आहे.

फलकाचा मजकूर आता असा केलाय: प्रत्येकाच्या नावाखाली चार गोष्टी. कुणाच्या हाताखाली शिकले, कुठली माती वापरतात, भट्टी स्वतः लावतात का आणि किती तापमानाची, चाक कुठल्या दिशेने. काकांची ओळख यात सगळ्यांत लांब झाली, कारण जुनेनाशिक यांनी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं तर ते दुरुस्त्या सांगत बसले. "लीद आता कुठे मिळते, टांगे गेले. लाकडाचा भुसा लिही." मग आव्याला काय जळण लागतं, शेजारी धुराच्या तक्रारी करतात म्हणून आवा गावाबाहेर कसा न्यावा लागला, तेही लिहायला लावलं. सरांनी मात्र स्वतःच्या चार ओळींतल्या दोन खोडल्या. म्हणाले, हुद्दे नकोत, 'साचे आणि भट्टी' एवढं पुरे.

काकू चाकावर बसतात का, असंही विचारलं मी. काका म्हणाले, तिलाच विचार. काकू म्हणाल्या, "गुडघे दुखतात आता, तेव्हा विचारायचं होतं." ठोकायचं काम शिकवायला येईन म्हणाल्या, पण पायरी चढायला लागणार नसेल तर. पडवीला दोन पायऱ्या आहेत. उतार करून घेतोय.

---

फिरतेचाक

काकूंच्या ठोकण्याच्या वर्गाला माझं नाव पहिलं लिहा.

---

वीकएंड_कुंभार

दुसरं माझं.

---

भेळभत्ता

फीचं कुणी सांगेल का?

---

गोदाकाठ

@भेळभत्ता, मानधन बदललं की फी बदलणार, बैठकीपर्यंत थांबा. :)

@सिन्नरी, काकांनी गंगापूर धरणाकडचा गाळ आणून ठेवलाय. दादाला तो ग्लेझ म्हणून लावून बघायचाय आणि ताईंना पट्ट्या करायच्यात. शनिवारी येता का?

---

सिन्नरी

येतो. गाळ आधी पाण्यात कालवून बारीक चाळणीतून काढून ठेवा, खडे नकोत. पट्ट्यांचे तीन गट करा: ९५०, १०५० आणि ११५०. ११५०च्या पट्ट्या थेट फळीवर ठेवू नका, खाली जुन्या बिस्कची (एकदाच भाजलेली, ग्लेझ नसलेली) फुटकी बशी द्या. आणि काकांना म्हणावं त्याच गाळाच्या चार पणत्याही द्या, त्यांच्या आव्यात लावायला. आमच्या मीटरवर तो किती तापतो ते एकदा मोजायचंच आहे मला.